मलकापूरची पोथी आणि चैत्रातली जत्रा : परदेशी विद्यार्थ्यांनी महाराष्ट्र कसा वाचला?

१.
बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे, कापसाच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. याच गावातून अरुण प्रकाशनाने प्राचीन मराठी गद्याचे काही ग्रंथ छापले. त्यांपैकी एक ‘श्रीगोविंदप्रभुचरित्र’. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंच्या, म्हणजे वऱ्हाडातल्या तेराव्या शतकातील एका विलक्षण पुरुषाच्या आठवणींचा हा संग्रह. १९८४ साली या चरित्राचे इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कहून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. भाषांतरकार होत्या ॲन फेल्डहाउस, अमेरिकेहून मराठी शिकण्यासाठी आलेल्या विदुषी. मलकापूरचा ग्रंथ न्यूयॉर्कपर्यंत कसा पोहोचला, आणि तो वाचणारे विद्यार्थी ग्रंथालय सोडून उन्हातान्हातल्या जत्रांत का गेले, याविषयी हा धागा आहे.

२.
आरंभ करायचा तो मलकापूर तालुक्यातील नरवेल या गावापासून. २२ जून १९०८ रोजी येथे विष्णु भिकाजी कोलते यांचा जन्म झाला. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा पुढे मराठीचा प्राध्यापक झाला, १९६६ ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठाचा कुलगुरू राहिला आणि १९६७ च्या भोपाळ येथील मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्षही झाला. पदांची ही यादी मोठी असली तरी कोलत्यांचे खरे आयुष्य हस्तलिखितांत गेले. महानुभाव पंथाचे ग्रंथ शोधणे, त्यांची पाठांतरे पडताळणे आणि ते छापून वाचकांच्या हाती देणे, हे काम त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ केले. ‘गोविंदप्रभुचरित्र’ आणि ‘स्थानपोथी’ यांच्या संपादित आवृत्त्या त्यांच्याच. ‘लीळाचरित्रा’ची त्यांची बृहद् आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली.

३.
हे काम अवघड का होते? महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. ‘सकळ लिपी’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेला मजकूर पंथाबाहेरच्या माणसाला निरर्थक भासे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला आणि पंथातील काही महंतांनीही आपल्या पोथ्या अभ्यासकांपुढे उघडल्या. त्यानंतर यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि कोलते यांच्या पिढीने हे साहित्य देवनागरीत आणले. ज्ञानेश्वरीच्याही आधीचे मराठी गद्य त्यामुळे महाराष्ट्राला प्रथमच वाचता आले. जे पंथाला पूज्य, ते अभ्यासकांच्या टेबलावर येताना आक्षेपही घेतले गेले. तो ताण या इतिहासात आरंभापासून आहे.

४.
ज्यांच्या आठवणी या ग्रंथांत आहेत ते चक्रधरस्वामी स्वतः महाराष्ट्राबाहेरून आलेले. पंथाच्या परंपरेप्रमाणे ते गुजरातेतील भरुचच्या राजघराण्यातले. रामटेकच्या यात्रेसाठी ते निघाले आणि वाटेत ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंची भेट होताच त्यांचे आयुष्य पालटले. परप्रांतातून आलेल्या या पुरुषाने मराठी भाषा आपलीशी केली, शिष्यांशी ती सहजपणे बोलली आणि त्या बोलण्यातून मराठीचा पहिला मोठा गद्यग्रंथ तयार झाला. मराठी गद्याच्या मुळाशी परक्या मुलखातून आलेला एक माणूस आहे, ही गोष्ट पुढचा सारा इतिहास वाचताना ध्यानात ठेवावी.

५.
‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस संकलित केले. त्यात तत्त्वज्ञान आहे, पण त्याहून अधिक गावे आहेत. स्वामी कोठून निघाले, कोणत्या देवळात उतरले, कोणी भोजन घातले, कोणी दार लावून घेतले, याचा तपशील पानोपानी येतो. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर आणि लोणार ही दोन्ही गावे या भ्रमंतीत आहेत. चौदाव्या शतकातील मुनिव्यासांची ‘स्थानपोथी’ तर केवळ स्थळांचाच ग्रंथ आहे. गावाच्या कोणत्या दिशेला कोणते देऊळ, त्याचे दार कोणीकडे, स्वामींचे आसन कोठे, भोजनाची जागा कोठे, अशा नोंदींनी ती भरलेली आहे. मध्ययुगीन महाराष्ट्राचा असा पायी फिरून तयार केलेला तपशीलवार नकाशा क्वचितच सापडतो.

६.
आता समुद्रापलीकडे. १९५४ साली अमेरिकेने ‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा केला. त्यानुसार भारताला धान्य मिळे आणि त्याची किंमत रुपयांत चुकती करता येई. साठच्या दशकात रेशनच्या दुकानांतून मिळालेला लाल गहू आणि मिलो ज्वारी महाराष्ट्राच्या जुन्या पिढीला आठवते, ती या योजनेतली. साठलेले रुपये अमेरिकेला बव्हंशी भारतातच खर्च करायचे होते. १९६२ पासून त्यांतील काही रकमेतून भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठवली जाऊ लागली. धान्य इकडे आले आणि त्याच हिशेबातून मराठी, तमिळ, बंगाली पुस्तके तिकडे गेली. ज्ञानाच्या इतिहासाला असा अर्थशास्त्राचा पाया असतो.

७.
याच सुमारास, १९६१ साली, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था स्थापन झाली. तिचे भारतातील सुरुवातीचे कार्यालय पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेला जगाच्या प्रत्येक भागाचे जाणकार हवे होते, म्हणून भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळत. देणाऱ्यांचे हेतू राजकीय असतील, घेणाऱ्यांची उत्सुकता मात्र वेगळ्याच वाटांनी गेली. एलिनॉर झेलियट आंबेडकरी चळवळीकडे वळल्या. मॅक्सीन बर्नसन फलटणला आल्या आणि तेथेच त्यांनी शाळा उभी केली. गेल ऑमवेट यांनी सत्यशोधक चळवळीवर प्रबंध लिहिला आणि त्या कासेगावच्याच झाल्या.

८.
ॲन फेल्डहाउस या त्याच परंपरेतल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी महानुभावांच्या ‘सूत्रपाठा’वर डॉक्टरेट केली. जुनी मराठी त्या शिकल्या ती पुण्यात, प्राध्यापक शं. गो. तुळपुळे यांच्याकडे. गुरुशिष्यांचे हे नाते पुढे सहलेखनापर्यंत गेले. ‘स्मृतिस्थळा’चे इंग्रजी भाषांतर दोघांनी मिळून केले आणि प्राचीन मराठीचा कोशही मिळून सिद्ध केला. हा कोश १९९९ साली प्रसिद्ध झाला तेव्हा तुळपुळे हयात नव्हते. यादवकालीन मराठीचा एखादा शब्द अडला तर आज मराठी विद्यार्थीही तो कोश उघडतो.

९.
प्रश्न असा की, पोथी वाचायला आलेली विद्यार्थिनी जत्रेत का जाते? उत्तर पोथीतच आहे. ‘गोविंदप्रभुचरित्रा’तले गोविंदप्रभू देवळात स्वस्थ बसून राहत नाहीत. ते बाजारात फिरतात, मुलांत खेळतात, कोणाच्याही घरात शिरून आवडेल ते खातात, मूर्तींशी बोलतात. लोक त्यांना वेडा म्हणतात आणि देवही म्हणतात. यातले घावन, लाडू, दहीभात, दिवाळीचा थाट, लग्नघर आणि विहिरीवरची गर्दी समजून घ्यायची, तर शब्दकोश पुरत नाही. वऱ्हाडातल्या घरात सणाच्या दिवशी काय शिजते, पंगत कशी बसते आणि पाहुण्याला आग्रह कसा होतो, हे पाहिल्यावरच तो मजकूर उलगडतो.

१०.
दुसरा प्रश्न अधिक खोल. ‘सूत्रपाठा’त चक्रधर आपल्या शिष्यांना महाराष्ट्रातच राहा, कानडी आणि तेलुगू मुलखात जाऊ नका, असे बजावतात. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या शिष्यांना ‘महाराष्ट्र’ म्हणजे नेमके काय वाटत होते? तेव्हा राज्याची छापील हद्द नव्हती, नकाशा नव्हता, १ मे १९६० तर फारच दूर. तरीही आपण एका विशिष्ट भूमीत आहोत आणि अमुक ठिकाणी ती संपते, ही जाणीव त्यांच्यापाशी होती. ती आली कोठून? फेल्डहाउस यांच्या पुढच्या कामाचा रोख बराचसा याच प्रश्नाकडे आहे. त्याचे उत्तर शोधताना त्या नद्यांच्या काठी आणि यात्रांच्या वाटांवर पोहोचल्या.

११.
येथे ऋतूचा विचार करायला हवा. अमेरिकी विद्यापीठांची उन्हाळी सुट्टी मे महिन्यात सुरू होते. युरोपात आणि अमेरिकेत उन्हाळा हा सुखाचा काळ. महाराष्ट्रात तो झळांचा, आटलेल्या विहिरींचा काळ, पण जत्रांचाही. रब्बीचे पीक घरात आलेले असते, मृगाची पेरणी अजून दूर असते. शेतकऱ्याच्या हाती थोडा पैसा आणि थोडा वेळ वर्षातून याच सुमारास एकत्र येतो. म्हणून चैत्र–वैशाखात गावोगाव देवांची लग्ने लागतात, पालख्या निघतात, कुस्त्यांचे फड आणि तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात. ज्येष्ठ सरताना आषाढी वारीची वाट सुरू होते. पंचांग आणि पीकपाणी यांचा हा मेळ ज्याला कळला, त्याला ग्रामीण महाराष्ट्राचे वर्ष कळले.

१२.
चैत्रातल्या या जत्रांपैकी शिखर शिंगणापूरची जत्रा फेल्डहाउस यांनी बारकाईने अभ्यासली. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, दुष्काळी पठारावरील डोंगरमाथ्यावर शंभुमहादेवाचे देऊळ आहे. चैत्र शुद्ध अष्टमीला येथे महादेव–पार्वतीचे लग्न लागते. महादेवाच्या देवळाच्या शिखरापासून जवळच्या बळीच्या, म्हणजे अमृतेश्वराच्या शिखरापर्यंत कापडाचे लांबच लांब पागोटे बांधले जाते. लग्नाला वऱ्हाडी हवेतच. ते मराठवाड्यापासून पश्चिम महाराष्ट्रापर्यंतच्या गावांतून येतात. कोणाचा मान हळदीचा, कोणाचा पागोट्याचा, कोणाचा कावडीचा. हे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात आणि ते कागदावर असोत वा नसोत, कोणी विसरत नाही.

१३.
लग्नानंतर चार दिवसांनी, द्वादशीला, कावडी येतात. पाण्याने भरलेले मोठे रांजण वाहणाऱ्या या उंच कावडी मुंगी घाटाच्या जवळजवळ उभ्या कड्यावरून वर चढवल्या जातात. माणसे एकमेकांचे हात धरून साखळी करतात, खांद्यावरची कावड इंचाइंचाने वर सरकते. खाली दरी, वर चैत्रातले ऊन. सासवडच्या भुतोजी तेल्याची कावड यांतली विशेष मानाची. ती कऱ्हेचे पाणी घेऊन येते. ज्या डोंगरावर पाण्याचे दुर्भिक्ष आहे, तेथे शेकडो खांद्यांवरून नदीचे पाणी येते आणि देवाला स्नान घडते. पाहणाऱ्यालाही या क्षणी तटस्थ राहणे अवघड जाते. वाजंत्री, गर्दी आणि चढणाऱ्यांचा एकमुखी जयघोष यांत वही उघडून उभ्या असलेल्या विद्यार्थ्यासह सारेच ओढले जातात.

१४.
या निरीक्षणांतून फेल्डहाउस यांनी २००३ साली ‘कनेक्टेड प्लेसेस’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील विचार थोडक्यात असा : प्रदेश ही केवळ राजाने आखलेली हद्द नसते. नदी दोन गावांना जोडते, देवाचे लग्न माहेर आणि सासर अशा दोन गावांना जोडते, कावड उगमाला शिखराशी जोडते. अशा असंख्य धाग्यांनी माणसांच्या मनात ‘आपला मुलूख’ आकार घेतो. महानुभावांचा महाराष्ट्र वेगळा, वारकऱ्यांचा वेगळा, धनगरांचा वेगळा. हे सारे एकमेकांवर पसरले, तेव्हा आजच्या राज्याच्या कल्पनेला आधार मिळाला. त्याआधी, १९९५ मध्ये, ‘वॉटर अँड वूमनहूड’ या पुस्तकात त्यांनी नदीला आई, लेक आणि सवाष्ण मानणाऱ्या प्रथांचा अभ्यास केला होता. नदीची ओटी भरणारी बाई त्यांच्या दृष्टीने इतिहासाची साक्षीदार आहे.

१५.
या विचाराचे एक उदाहरण बुलढाण्याच्या वाचकाला लगेच पटेल. सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवांची लेक जिजाऊ वेरूळच्या भोसल्यांच्या घरी गेली. भोसल्यांचे कुलदैवत शिंगणापूरचा शंभुमहादेव. मालोजीराजांनी तेथे तळे बांधल्याचे प्रसिद्धच आहे. एका लग्नाने वऱ्हाडच्या कडेचे सिंदखेड माणदेशातील डोंगराशी बांधले गेले. राजकीय इतिहास हे नाते वतने आणि मनसबींच्या भाषेत सांगतो. जत्रा तेच नाते माहेर, सासर आणि कुळाचाराच्या भाषेत जपते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्ही भाषा येणे आवश्यक आहे.

१६.
फेल्डहाउस यांच्या आधी याच वाटेने आणखी एक विद्यार्थी गेला होता. १९३४ साली जर्मनीत उल्म येथे जन्मलेले गुंथर सोन्थायमर कायद्याचे विद्यार्थी म्हणून पुण्यास आले. पुढे लंडनमध्ये जे. डी. एम. डेरेट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायदेशीर इतिहासावर संशोधन केले. विषय स्मृती, निबंधग्रंथ आणि न्यायनिवाड्यांचा. परंतु पुण्याभोवतालच्या माळरानांनी त्यांना वेगळेच काही दाखवले. मेंढरे घेऊन फिरणारे धनगर, त्यांचे बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा, अमावास्या–पौर्णिमेच्या यात्रा आणि रात्रभर चालणारे जागर. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत या देवांना फारशी जागा नव्हती. लाखो माणसांचा धर्म मात्र तोच होता.

१७.
सोन्थायमर हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवू लागले, तरी वारंवार महाराष्ट्रात येत राहिले. १९७६ साली त्यांचा ‘बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा’ हा ग्रंथ जर्मन भाषेत आला. १९८९ मध्ये फेल्डहाउस यांनी तो इंग्रजीत नेला. त्यांची मांडणी अशी की, पशुपालकांचे देव रानातले. कळप जसे चालतात तसे तेही चालतात. सोनारीचा देव भक्तामागोमाग वीर गावी येतो आणि म्हस्कोबा होतो. पुढे शेती, गाव आणि राज्यसत्ता यांच्याशी संबंध येताच रानातल्या तांदळ्यावर देऊळ उभे राहते. खंडोबाच्या दोन बायकांत हाच इतिहास दडला आहे : म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. जेजुरीच्या भंडाऱ्यात न्हाऊन निघालेल्या गर्दीला ही कथा पाठ असते. अभ्यासकाने तिच्यामागचा स्थलांतराचा आणि तडजोडींचा इतिहास वाचला.

१८.
यांतले सर्वांत मोलाचे काम ध्वनिमुद्रणाचे. धनगर गायक ढोल–झांजेच्या साथीने ओवी गातात, मग तोच भाग कथेच्या गद्यात सांगतात, पुन्हा ओवी. बिरोबाची वा धुळोबाची कथा अशी रात्र रात्र चालते. सोन्थायमर यांनी या ओव्या फितींवर घेतल्या. २ जून १९९२ रोजी ते वारले, तेव्हा त्यांतले पुष्कळसे काम अपुरे होते. फेल्डहाउस यांनी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांच्या साहाय्याने त्यांतील दोन दीर्घकथांचे संपादन आणि भाषांतर केले. ते पुस्तक २०१४ मध्ये प्रकाशित झाले. वाचकांनी मधला काळ मोजावा. वाडे घेऊन कोकणात उतरण्याच्या वाटा तोपर्यंत रस्ते, धरणे आणि कुंपणांनी तुटल्या होत्या. फिती नसत्या तर ते शब्द गायकांबरोबरच गेले असते.

१९.
या कथेवरून सारे श्रेय परदेशी अभ्यासकांना देणे मात्र चुकीचे ठरेल. इरावती कर्वे यांचा वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख याआधीचा. वारकऱ्यांच्या वाटेवर महाराष्ट्राची ओळख शोधण्याचा विचार त्यांनी मराठीत मांडला, आणि १९६२ मध्ये तो इंग्रजीतून जगापुढे गेला. त्याच वर्षी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे ‘मिथ अँड रिॲलिटी’ आले. पुण्याभोवतालची दैवते आणि पशुपालकांच्या वाटा त्यांनी स्वतः पायी तुडवल्या होत्या. रा. चिं. ढेरे यांचे ‘खंडोबा’ १९६१ चे. ढेरे आणि सोन्थायमर यांचा परस्परांशी निकटचा संवाद होता. ढेऱ्यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर पुढे फेल्डहाउस यांनीच केले. दोन्ही बाजूंनी देणेघेणे होते.

२०.
तरीही एक विषमता नाकारता येत नाही. परदेशी विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती, ध्वनिमुद्रणयंत्र आणि वर्षभराची सवड मिळाली. त्याच काळात महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला जत्रा हा इतिहासाचा विषय आहे, असे फारसे कोणी सांगत नव्हते. इतिहास म्हणजे बखरी, दफ्तरे आणि तहनामे. जत्रा म्हणजे करमणूक किंवा अंधश्रद्धा. शिवाय या अभ्यासातून निघालेले बरेचसे ग्रंथ इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये आहेत. ज्या गायकाने रात्र जागवून ओवी सांगितली, त्याच्या नातवाला ते पुस्तक वाचता येईलच असे नाही. ही दरी भरून काढण्याचे काम आता मराठी विद्यार्थ्यांचे आहे, आणि त्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही.

२१.
बुलढाणा जिल्ह्यातलेच उदाहरण घ्यावे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. गावाबाहेरच्या शेतात संध्याकाळी वर्तुळाकार घट आखला जातो. त्याच्या कडेने अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, करंजी, कुरडई, वडा असे पदार्थ, आणि राजाच्या नावाचा पानविडा. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे कसे हलले, ढेकळे किती भिजली हे पाहून पाऊस, पिके आणि राज्यकारभार यांविषयी भाकीत सांगितले जाते. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही प्रथा सुरू केली आणि ती तीनशेहून अधिक वर्षांची आहे, असे परंपरा सांगते. त्यांचे वंशज ती आजही चालवतात.

२२.
या भाकितांना वैज्ञानिक आधार नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. पेरणीचा निर्णय हवामान खात्याच्या अंदाजावर आणि जमिनीच्या ओलीवर घ्यावा. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने घटाकडे दुसऱ्या नजरेने पाहावे. घटातली धान्ये कोणती? ज्वारी, तूर, तीळ, जवस, करडी, अंबाडी, सरकी, लाख, भादली. आज जिल्ह्याच्या शिवारात सर्वत्र दिसणारे सोयाबीन त्या यादीत नाही. विदर्भात सोयाबीन फोफावले ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. म्हणजे भेंडवळच्या शेतात दर वैशाखात जी धान्ये मांडली जातात, ती सोयाबीनपूर्व वऱ्हाडाची पीकपद्धती आहे. जवस आणि अंबाडी शेतातून जवळजवळ गेली, घटात मात्र टिकली. ज्या गोष्टीची नोंद शोधायला महसुली दफ्तरे चाळावी लागतील, ती येथे एका रात्रीसाठी जमिनीवर मांडलेली असते.

२३.
अशी स्थळे जिल्ह्यात आणखी आहेत. पैनगंगा बुलढाण्याच्याच डोंगरात उगम पावते आणि मेहकरवरून पुढे जाते. तिच्या काठच्या बाया नदीची ओटी कधी आणि कशी भरतात? लोणारच्या विवराकडे जग भूशास्त्रासाठी पाहते. पण विवरातल्या कमळजा देवीच्या नवरात्रात कोणत्या गावांचे मान आहेत? होळीच्या सुमारास सैलानीला हिंदू आणि मुसलमान दोघेही जमतात. तेथे येणाऱ्या वाटा कोणकोणत्या मुलखांतून निघतात? शेगावची पालखी पंढरपूरपर्यंत सातशेहून अधिक किलोमीटर चालते. तिच्या मुक्कामांनी वऱ्हाड, मराठवाडा आणि सोलापूरचा प्रदेश कसा जोडला? यांतल्या प्रत्येक प्रश्नाला एक उन्हाळी सुट्टी पुरेशी आहे.

२४.
पद्धतही गूढ नाही. जत्रेला जाण्याआधी जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर आणि स्थानपोथीसारखा ग्रंथ वाचावा. जत्रेत आधी आनंद घ्यावा, प्रसाद घ्यावा, पंगतीला बसावे. प्रश्न मागाहून विचारावेत. मानकऱ्यांची नावे, क्रम, वाटा आणि मुक्काम लिहून घ्यावेत. म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली कथा त्याच्या परवानगीने, त्याच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करावी आणि तिची एक प्रत त्याच्या घरी द्यावी. ज्या यंत्रासाठी एकेकाळी परदेशी शिष्यवृत्ती लागत असे, ते आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

२५.
कोलते ८ एप्रिल १९९८ रोजी निवर्तले. नरवेलच्या या माणसाने संकेतलिपीतून सोडवलेला मजकूर मलकापुरात छापला गेला, समुद्रापार वाचला गेला आणि त्याच्या वाचकांना पुन्हा महाराष्ट्राच्या वाटांवर घेऊन आला. पोथीतल्या गावांकडे जाणारे रस्ते अजून आहेत, काही ओव्या गाणारे गळेही आहेत. पुढच्या अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या शेतात घट मांडला जाईल, तेव्हा गर्दीत भाकिताची वाट पाहणारे शेतकरी असतील, वार्ताहर असतील. अठरा धान्यांची नावे लिहून घेणारा एखादा इतिहासाचा विद्यार्थीही तेथे असायला हवा.